कादंबरीत वारलेली मावशी

माझी मावशी एका कादंबरीत एकशे बाराव्या पानावर वारते. त्याच कादंबरीवरच्या सिनेमात ती मध्यंतराच्या जरा आधी वारते, आणि टीव्हीवरच्या मालिकेत तिला मरायला पंधरा भाग लागले. प्रत्यक्षात ती एकाहत्तर वर्षांची आहे, बाजारामागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान आहे आणि थोडी साखर सोडली तर तिला काहीही झालेलं नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे कापडं कापायचं मोठं टेबल, त्यामागे दोन मशिनं, एक पायाचं आणि एक मोटारीचं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, कपडे बेतायचे कागदी फर्मे, एका कोपऱ्यात पडदा आणि पडद्याशेजारी माणूसभर उंचीचा आरसा. एखादं गिऱ्हाईक म्हणालं की मी यात जरा बारीक दिसेन असं शिवा, तर मावशी टेप गळ्यात टाकत सांगते, शिवायचं काम माझं, बारीक व्हायचं तुमचं. गिऱ्हाईक रागावत नाही. गेल्या तीस वर्षांत तिने दिलेली तारीख एकदाही चुकलेली नाही, त्यामुळे तिला बोलायची मुभा आहे.

तिचा उजवा हात कोपरात कायमचा वाकलेला आहे, तो सरळ होत नाही. कात्री ती डाव्या हाताने चालवते. हे ती पस्तिसाव्या वर्षी शिकली, आमच्या घरी, माझ्या आईच्या जुन्या चादरी कापून कापून. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मावशी माझ्या खोलीत झोपायची. सकाळी तिच्या कपड्यांची बटणं लावायचं काम माझं होतं, कारण काजात बटण घालायला दोन हात लागतात हे तोवर आमच्या घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मला सांगितलं होतं की मावशी शिडीवरून पडली. सोळाव्या वर्षी आईने खरं सांगितलं. मग मला मुलगी झाली आणि तिने विचारलं तेव्हा मीही सांगितलं, मावशीआजी शिडीवरून पडली.

तसं सांगायचं मावशीनेच ठरवलं होतं, आणि माझ्याकडून तसा शब्दही घेतला होता. तिचं म्हणणं, लोक माप द्यायला यावेत, हात बघायला नकोत.

खरं असं की मावशीचा नवरा बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी प्यायचा. पुढे सुट्टी नसतानाही प्यायला लागला. एका दुपारी मावशी घराबाहेर पडायला निघाली तेव्हा त्याने दार लोटलं आणि तिचं कोपर दारात सापडलं. डॉक्टरांनी दोनदा हाड बसवलं, ते दोन्ही वेळा वाकडंच बसलं. मावशी आमच्याकडे आली ती परत गेली नाही. नवऱ्याची नोकरी गेली, मग तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि तिथे खरंच सुटला. हे मी नाकारत नाही. त्यानंतर त्याने थेंबाला हात लावलेला नाही.

त्या केंद्रात आठवड्यातून एकदा एक प्राध्यापक यायचे, रुग्णांना वाचून दाखवायला. बस चालवणाऱ्या माणसाकडे सांगायला पुष्कळ असतं आणि आमच्या मावसोबांकडे सांगायची ढबही होती. प्राध्यापकांनी त्यांना चाळीसेक वेळा भेटून कादंबरी लिहिली. मावशीला ते एकदाही भेटले नाहीत. मेलेल्या बाईला भेटायला कोण कशाला जाईल? आणि तिला मारल्याशिवाय त्यांचं भागत नव्हतं. ती जिवंत राहिली असती तर तिला विचारावं लागलं असतं. मेली की ती फोटोतून बघते, आणि फोटोतली बाई नेहमी माफच करते.

कादंबरी धो धो खपली. पतनातून उठलेल्या माणसाची गाथा, असं मागच्या पानावर छापलेलं असतं. शाळांमध्ये बक्षीस म्हणून देतात, तुरुंगातल्या वाचनालयात ठेवतात. त्यातलं ते दार मला पाठ आहे. पुस्तकात नायक दार ढकलतो आणि ते बायकोच्या हातापासून चार बोटांवर थांबतं, कारण त्या क्षणी त्याच्या आत काहीतरी जागं होतं. सिनेमात दार बंद होतं खरं, पण ती पलीकडे सुखरूप उभी राहून गाणं म्हणते. मालिकेत ते दार सोमवारी हलायला लागलं आणि गुरुवारी अर्धवट मिटलं, मध्ये जाहिराती. इतक्या वेळा ते दार दाखवलं, पण एकदाही कुणाचं काही सापडलं नाही त्यात.

सिनेमा लागला तेव्हा मी मैत्रिणींबरोबर गेले होते. मला सगळं ठाऊक होतं. तरी त्या गाण्याला मी रुमाल ओला होईपर्यंत रडले, आणि बाहेर पडून म्हणाले की फारच सुंदर. या सगळ्या प्रकरणात मला शिसारी आणणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण त्या रुमालाची शिसारी सगळ्यात जुनी आहे.

मावसोबांना लोक आता सर म्हणतात. ते भाषणं देतात. पत्नीने अखेरच्या श्वासाला मला क्षमा केली, असं ते शेवटी सांगतात आणि सभागृह उभं राहतं. कुणीतरी हे मावशीला सांगितलं तेव्हा ती काज करत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, अरे वा, जाताना मी आणखी काय काय बोलले तेही विचारून या. ती त्यांना सर म्हणत नाही. ड्रायव्हर म्हणते.

हे सगळं मी जुनी अढी म्हणून मनात ठेवून दिलं असतं. पण या वर्षी ते पुस्तक माझ्या घरात आलं.

माझी लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा एक मित्र आहे, दोन वर्षांपासूनचा. त्याने कॉलेजच्या पार्किंगमध्ये, चारचौघांत तिच्या कानाखाली मारली. दुसऱ्या दिवशी तो आमच्या बैठकीच्या खोलीत बसून इतका रडला की माझ्या नवऱ्याने उठून त्याला पाणी दिलं. जाताना लेकीच्या हातात ती कादंबरी ठेवून गेला. आत एका वाक्याखाली हिरव्या पेनाने दोन रेघा होत्या: ज्या हातांनी जखम दिली, त्याच हातांनी आता उजेड वाटायचा आहे.

त्यानंतर लेकीने जाहीर केलं की पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ते दोघं एक खोली घेऊन एकत्र राहणार. खोली ठरलीही. मी बोलले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. ती शांतपणे म्हणाली, आई, माणसं बदलतात. अख्ख्या जगाला हे पुस्तक पटलंय, फक्त तुलाच पटत नाही. मला जे म्हणायचं होतं ते मावशीला दिलेल्या शब्दाखाली अडकलं होतं. मी नुसती धुसफुसत राहिले, आणि धुसफुसणाऱ्या आईचं कोण ऐकतं?

एक तारखेला तीन आठवडे होते. लेकीला त्या खोलीसाठी पडदे शिवायचे होते म्हणून ती रोज दुपारी मावशीच्या दुकानात जायला लागली. त्याने तिला मारल्याचं मी मावशीला सांगितलं होतं. तिने लेकीला एका शब्दाने छेडलं नाही, फक्त त्या मुलाचं नाव हिरवा पेन ठेवलं. हिरवा पेन काय म्हणतोय, त्याला निळे पडदे चालतील ना, असं विचारायची. लेक हसायची. मला हसू येत नव्हतं. मला वाटे ही बाई अशी कशी गप्प बसू शकते.

अशाच एका दुपारी दुकानात एक बाई आली, हातात मोठी पिशवी, कानाला फोन. ती एका वेबसिरीजचे कपडे बघायची. नेहमीचा टेलर आजारी पडला होता आणि चार दिवसांत एकसारखे आठ ब्लाउज हवे होते, लांब बाह्यांचे, साधे, राखाडी. आठ कशाला, मावशीने विचारलं. एक स्वच्छ, दोन मळके, तीन कमी-जास्त फाटलेले, एक रक्ताचा आणि एक बदली नटीसाठी, असा हिशोब निघाला. मग त्या बाईने कथा सांगितली. तीच कादंबरी, आता तिसऱ्यांदा, सहा भागांत, नव्या दृष्टीने. कपडे बायकोचे होते. ती फार सोशिक आहे, म्हणाली, बोलत नाही, फक्त बघते. चौथ्या भागात जाते.

मावशीने चष्म्यावरून बघत विचारलं, कशाने जाते? तसं काही दाखवलेलं नाही, ती बाई म्हणाली, खंगत जाते. मग शेवटचे दोन ब्लाउज एका मापाने बारीक करायला हवेत, मावशी म्हणाली. त्या बाईला ते फार पटलं. तिने लिहून घेतलं.

माझी लेक पडद्याची पट्टी दुमडत शेजारच्या मशिनवर बसली होती. तिला आनंद मावेना. आपण ते पुस्तक पाच वेळा वाचलंय, असं तिने सांगून टाकलं. नमुना ठरवायची वेळ आली तेव्हा कपडेवाल्या बाईने मावशीकडेच बोट केलं. तुम्ही हा घातलाय ना, म्हणाली, अगदी तसाच शिवा. नटीची छाती, कंबर, खांदा एका चिठ्ठीवर लिहून ती गेली.

मावशीने भिंतीवरून स्वतःचा फर्मा काढला. गेली तीस वर्षं ती त्याच फर्म्यावर स्वतःचे ब्लाउज कापते. छाती-कंबर चिठ्ठीप्रमाणे वाढवून तिने खडूने आखलं आणि कापायला लेकीला दिलं. उजव्या बाहीची आतली शिवण बाहेरच्या शिवणीपेक्षा चांगली तीन बोटं आखूड होती आणि कोपराच्या जागी चुण्या घालायची खूण होती. लेकीला वाटलं कागद फाटून गेलाय. तिने विचारलं. फर्मा आहे तसा काप, मावशी म्हणाली. लेकीने आठही कापले, मावशीने आठही शिवले.

चौथ्या दिवशी ती नटी स्वतः फिटिंगला आली. वयाने लहान आणि वागायला नम्र. पडद्याआडून ती बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात कोपरात दुमडलेला होता, जशी एखादी न दिसणारी पिशवी अडकवली आहे. ती हसली आणि हात सरळ करायला गेली. शिवणी करकरल्या, हात सरळ झाला नाही. दुसरा घातला, तिसरा घातला, तेच. त्यांना तर पुढच्याच आठवड्यात मुख्य प्रसंग करायचा होता. त्यात ती दोन्ही हात पसरून पश्चात्ताप झालेल्या नवऱ्याला जवळ घेते आणि कॅमेरा तिच्याभोवती सावकाश फिरतो.

कपडेवाली बाई तापली. मापं देऊनही आठच्या आठ वाया घालवले, असं म्हणाली. मावशी तिच्यासमोर उभी राहिली.

“छाती-कंबर तुमच्या चिठ्ठीची आहे. बाही माझी आहे. तुम्हीच म्हणालात, अगदी तसाच.”

आणि तिने आपला उजवा हात टेबलावर नटीच्या हाताशेजारी ठेवला. दोन राखाडी बाह्या, दोन्ही एकाच कोनात वाकलेल्या. नटीने हळूच विचारलं की हे कशामुळे झालं. उत्तर माझ्या लेकीने दिलं, पाठ केलेलं: मावशीआजी शिडीवरून पडली होती.

“शिडी नव्हती ग,” मावशी म्हणाली. “दार होतं. यांच्याच गोष्टीतलं. यांच्याकडे ते चार बोटं अलीकडे थांबतं.”

पुढचं तिने फारसं सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही उरली नाही. कपडेवाली बाई एकदा चिठ्ठीकडे, एकदा मावशीकडे बघत राहिली. नटीने ब्लाउज काढून, नीट घडी घालून टेबलावर ठेवला आणि दोघी निघून गेल्या.

मी नंतर मावशीला विचारलं की हे मुद्दाम केलंस का. ती म्हणाली, नाही ग, हात सवयीने त्या खिळ्याकडे गेला. तिसरा ब्लाउज शिवताना लक्षात आलं की आपण काय करतोय. तेव्हा म्हटलं, आता राहू दे.

त्या संध्याकाळी लेक घरी आली आणि मला तुला माहीत होतं का एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी मनात म्हटलं, नाही बोलली तर नाही, पण आता खोलीचं तरी बारगळेल. तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पडद्यांना कड्या लावल्या आणि मला समजावलं. ते तेव्हाचे होते, म्हणाली, आता ते वेगळे आहेत, तेच तर पुस्तकात आहे. मावशीआजीने त्यांना एकदा तरी भेटायला हवं होतं. मी ऐकतच राहिले. डोळ्यांपुढे हात दिसतोय आणि तरी पोरगी पुस्तकाच्या बाजूने बोलतेय. कानाखाली मारणाऱ्याने तिला आधीच उत्तरपत्रिका देऊन ठेवली होती.

कपडेवाल्या बाईने ही गोष्ट कंपनीत सांगितली असणार, कारण वकिलांना कळलं की गोष्टीतली मेलेली बायको जिवंत आहे. आठवड्याभराने मावसोबा दुकानात आले.

मी तेव्हा तिथेच होते. हल्ली मी रोज काहीतरी निमित्त काढून जात होते, कधी बटण, कधी चेन. लेक दुसरा पडदा शिवत होती. दारात पांढऱ्या स्वच्छ कपड्यातला, पिकल्या केसांचा, देखणा म्हातारा उभा राहिला. मी त्यांना पस्तीस वर्षांनी पाहत होते. लेकीने त्यांना पुस्तकामागच्या फोटोवरून ओळखलं आणि तिचे डोळे चमकले. तिनेच पुढे होऊन खुर्ची दिली. तिच्या मनासारखं होत होतं.

मावशीने मशीन थांबवलं, सुई वर घेतली. बसा, म्हणाली.

ते बसले आणि बोलायला लागले. आवाज मृदू, मध्ये थांबण्याच्या जागा ठरलेल्या. आपण किती पापी होतो, तिच्या एकेका अश्रूने आपल्याला कसं घडवलं, रोज झोपण्यापूर्वी तिची आठवण कशी येते. ज्या हातांनी जखम दिली ते वाक्यही आलं, आणि ते म्हणताना त्यांनी आपले दोन्ही तळहात वर केले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तेव्हा त्यांची नजर फिटिंगच्या आरशाकडे गेली. त्यांनी रुमाल काढला, आरशात बघून आधी एक डोळा टिपला, मग दुसरा, आणि कपाळावर आलेली बट मागे सारली. लेक मात्र त्यांच्याकडेच बघत होती, आरसा तिला दिसत होता की नाही मला कळेना.

मग खिशातून कागद निघाला. वकिलांनी तयार केला होता. मावशीने सही करायची होती की तिची काही तक्रार नाही, तिने पूर्वीच क्षमा केलेली आहे, आणि हाताची दुखापत शिडीवरून पडल्याने झाली.

“तसं तर आपण सगळेच सांगत आलोय,” ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले.

त्या हसण्यात मला त्यांनी सहज सामील करून घेतलं. आणि ते चूक म्हणत नव्हते. इतकी वर्षं मी त्यांचीच साक्षीदार होते, फुकटची.

मावशीने कागद वाचला. सावकाश, चष्मा लावून, दोन्ही बाजूंनी. मग विचारलं, “दार किती वेळा ढकललंत ते आठवतं का?”

त्यांनी डोळे मिटले. शुद्धच नव्हती, म्हणाले, तो माणूस मी नव्हतोच, तो कधीच मेला.

“दोनदा,” मावशी म्हणाली. “पहिल्यांदा मी ओरडले, तेव्हा माझं कोपर मध्ये आहे हे तुम्हाला कळलं. तुम्ही वाकून पाहिलंत. मग दुसऱ्यांदा ढकललंत.”

तिचा आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला माप वाचून दाखवावं तसं तिने सांगितलं. मला हे दुसऱ्यांदाचं ठाऊक नव्हतं. माझ्या आईलाही नसावं.

मावसोबा पुन्हा रडायला लागले. तेवढ्यात माझी लेक बोलली. ती मशिनवरून उठलीही नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला, आणि मला वाटतं अजूनही तिला चांगलं उत्तर मिळेल अशी आशा होती.

“आजोबा, तुम्ही मावशीआजीला कधी विचारलंत का, हात दुखतो का म्हणून?”

ते तिच्याकडे वळले. ओल्या डोळ्यांनी हसले, हात छातीवर ठेवला.

“बाळ, माझ्या आत किती दुखतं ते मी कुणाला सांगू?”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. उत्तर संपलं असं वाटेना म्हणून थांबली असावी. पण ते संपलं होतं. ते आता वकिलांना घाई आहे, शूटिंग अडलंय, शंभर माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे, असं सांगत होते, आणि आवाजातला मृदूपणा जरा पातळ व्हायला लागला होता. तू पहिल्यापासूनच हट्टी, असं एकदा निसटलं. मावशीने कागदाची घडी करून परत दिली. आज सहा जणांना कपडे द्यायचेत, म्हणाली, तुम्ही आलात तसे या. ते उठले. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तर तिने मान खाली घालून सुईत दोरा ओवायला घेतला.

सिरीज अडली नाही, हेही सांगून टाकते. कंपनीने बायकोला नर्स केलं आणि गाव बदललं, वकिलांचं समाधान झालं. जाहिरात मी पाहिली आहे. दार तसंच आहे, आता त्याच्या फटीतून सोनेरी उजेड येतो. आमच्या इमारतीतल्या बायका म्हणतात की पहिल्याच भागात रडू येतं. सरांची भाषणं चालू आहेत. मावशी त्यात अजून वारतेच. ते आठ ब्लाउज तिने उसवले आणि त्या कापडाची अस्तरं केली.

लेक त्या दिवशी घरी येताना काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी न विचारता गप्प बसले, आणि ते काही शहाणपण नव्हतं. काय ऐकावं लागेल याची भीती होती. दोन दिवसांनी भाजी चिरताना ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “आई, पार्किंगमधलं पहिलं नव्हतं.”

मी सुरी खाली ठेवली. कितवं, एवढंच विचारता आलं.

“तिसरं. आधीची कुणी पाहिली नव्हती, म्हणून तो रडला नव्हता.”

मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती म्हणाली, नको, आत्ता नको, हात कांद्याचे आहेत. मग आम्ही दोघींनी उरलेली भाजी चिरली. माझ्या मनात काय काय येत होतं ते लिहिण्यासारखं नाही. त्याला पाणी देणारा माझा नवरा शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता.

खोलीचा ताबा आधीच मिळाला होता आणि लेकीने तिकडे सामान नेऊन ठेवलं होतं. एक तारखेला आम्ही ते आणायला गेलो. ती, मी आणि मावशी. मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. ती दुकानाला कुलूप लावून आली, दुकान ऐन कामाच्या दिवशी बंद मी पहिल्यांदा पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर ती खोली. भिंतींना नवा रंग, खिडकीखाली दोन उशा, एक दिवा, पुस्तकांचं खोकं. तो मुलगा तिथेच होता. लेकीने त्याला सरळ सांगितलं की मी राहायला येणार नाही आणि यापुढे भेटणारही नाही. कारण त्याने विचारलं, तिने सांगितलं, तीनदा मारलंस. एवढ्यावर त्याने रडायला सुरुवात केली.

आम्ही सामान उतरवत होतो आणि तो जिन्याच्या वळणावर बसून रडत होता. खालच्या मजल्यावरची एक बाई दार किलकिलं करून बघत होती. तिने माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, जणू मीच त्या पोराला मारलंय. बिचारा किती रडतोय, असंही म्हणाली. मला तिच्या तोंडावर काहीतरी बोलायचं होतं. मावशी माझ्या पुढे होती, डाव्या हाताने खोकं कमरेशी धरून एकेक पायरी उतरत होती. ती त्याच्या शेजारून गेली आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही.

शेवटची गादी राहिली. लेकीने पुढचं टोक धरलं, मी मागचं. वळणावर गादी भिंतीला अडकली. तो पायरीवर बसलेला, चेहरा तळहातांत, खांदे हलताहेत. मला भीती वाटली. मी इथून पुढे उभ्या जन्मात घाबरायची थांबणार नाही, ते मला कळलं आहे. पण त्या क्षणी वाटली ती वेगळी भीती होती: आता लेक गादी खाली ठेवेल, त्याच्या शेजारी बसेल, आणि सगळं पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होईल.

लेकीने गादी खाली ठेवली. घाम पुसला. त्याच्याकडे पाहत ती क्षणभर थांबली.

“जरा उठतोस का,” ती म्हणाली. “गादी जात नाहीये.”

तो उठला नाही, आणखी मोठ्याने रडला. मग तिने मला खूण केली, आम्ही गादी उभी केली आणि त्याच्या डोक्यावरून घेऊन गेलो.